आर्डिसबाईंचा धूर आणि मी

मी गवत कापायचा मोवर बोलतोय. जरा जोरात बोलतोय, त्याबद्दल माफ करा. हळू बोलायची सोय माझ्यात ठेवलेलीच नाही. चार चाकं, एक लांब दांडा, पोटाखाली गरगर फिरणारं पातं आणि वर बसवलेलं एका सिलिंडरचं इंजिन, एवढाच माझा संसार. बसून चालवायचे जे बडे मोवर असतात, त्यांच्यातला मी नव्हे. मला मागून ढकलावं लागतं.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यातला. पट्ट्यावरून सरकता सरकता कुणी चाक लावलं, कुणी दांडा, कुणी लाल रंग फासला. शेवटी एका माणसाने माझी दोरी ओढली, मी घर्रर्र केलं, त्याने मान हलवली आणि लगेच मला बंद केलं. जन्मल्यावर तेवढंच काय ते रडू दिलं मला.

तिथून मी मिनेसोटात एल्म क्रॉसिंग नावाच्या गावी आलो. हार्डवेअरच्या दुकानात बर्फ लोटायची फावडी आवरून ठेवली होती आणि त्यांच्या जागी आम्हा मोवरांना मांडलं होतं. मे महिना होता. पोस्टमन गेलन फॉसम आपल्या बायकोला, आर्डिसबाईंना, घेऊन आले. त्यांनी मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून पोटाखालूनही पाहिलं. सून बघायला आलेला माणूस इतकं बघत नसेल.

"हे मला झेपेल का हो?" आर्डिसबाईंनी माझ्या दांड्याला हात लावून विचारलं.

"तुला कशाला झेपायला हवं? मी आहे ना," मालक म्हणाले.

बाईंनी हात काढून घेतला आणि मटारच्या बियांचं पाकीट घेऊन त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मालकांनी माझं फार केलं, हे कबूल करायलाच हवं. दर शनिवारी नऊ वाजता मला बाहेर काढायचे. गवतात अशा सरळ ओळी मारायचे, की शेजारचे लोक आपल्या अंगणाकडे बघायचं टाळायचे. हिवाळा सुरू व्हायच्या आत माझं ऑइल बदलून, जुन्या बनियनने पुसून मला गॅरेजमध्ये निजवायचे. पण दुसऱ्या कुणाचा हात म्हणून लागू द्यायचे नाहीत. एकदा ते लिंबाचं सरबत प्यायला थांबले असताना बाई हौसेने पुढे झाल्या, तर मालक पेला तसाच टाकून धावत आले. "राहू दे, राहू दे! ओळ वाकडी होईल."

आता या आर्डिसबाई काही ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या. गावच्या शाळेचं स्वयंपाकघर त्यांच्या हाताखाली होतं. तीनशे पोरांचं जेवण रोज. शाळेच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून, कुठल्या भट्टीतला कुठला ट्रे करपतोय हे त्या नुसत्या वासावरून सांगायच्या. पण घरच्या गवतावर मात्र त्यांची सत्ता चालायची नाही.

बाराव्या हिवाळ्यात मालक गेले. झोपेतच गेले. पुढच्या उन्हाळ्यात आळीतल्या लोकांनी पाळीपाळीने आपापले मोवर आणून बाईंचं गवत कापलं. मी गॅरेजच्या कोपऱ्यात चादरीखाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यापर्यंत बाई निवृत्त झाल्या होत्या, आणि लोकांची पाळीही संपली. त्यांचा दोष नाही. दुसऱ्याचं गवत कुणी किती दिवस कापावं?

गवत मात्र वाढायचं थांबलं नाही. जूनच्या मध्याला ते पोटरीपर्यंत आलं. पिवळी रानफुलं फुलून म्हातारी झाली आणि त्यांचा कापूस साऱ्या गावभर उडाला. सशाच्या एका कुटुंबाने तर त्यात कायमचं बिऱ्हाड थाटलं. मग एके दिवशी दारावर नगरपालिकेची नोटीस चिकटली. गवत दहा दिवसांच्या आत कापून घ्यावे.

तेवढ्यात मिनीॲपोलिसहून मुलीचा, कॉरीनचा, फोन आला. आईचाच खणखणीत आवाज घेऊन जन्मलेली मुलगी, त्यामुळे तिचं बोलणं स्वयंपाकघरातल्या फोनमधून थेट माझ्यापर्यंत पोचायचं.

"आई, नोटीस आली ना? शेजारच्या लव्हॉनकाकूंनी सांगितलं मला."

"लव्हॉनच्या घरी पोस्ट ऑफिस उघडायला हवं."

"मी सोमवारी येतेय. इथे एक छान जागा बघितलीय तुझ्यासाठी. लिफ्ट आहे, जेवणाचा हॉल आहे..."

"जेवणाचा हॉल? म्हणजे दुसऱ्याच्या हातचं?"

"आई, साधं गवत कापणं होत नाहीये तुला!"

"कोण म्हणतं?"

"नगरपालिका म्हणते!"

बाईंनी फोन ठेवला तो माझ्या पात्यापर्यंत जाणवला.

शनिवारी सकाळी माझ्यावरची चादर दूर झाली. समोर बाई. कमरेला शाळेतला ॲप्रन, पायात रबरी बूट. "चल रे बाबा," म्हणाल्या. दीड वर्षाने मला कुणी हाक मारली होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बाईंनी ऑइलचं टोपण उघडून आत डोकावून पाहिलं. त्यांना ते तळाला गेलेलं वाटलं. तळणीत तेल कमी पडलं तर पदार्थ जळतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यांनी फळीवरची अख्खी बाटली आणली आणि लागल्या ओतायला. बास, बास, असं मी ओरडत होतो, पण बंद इंजिनाचं ऐकतो कोण? लोणच्याच्या बरणीसारखं काठोकाठ भरून त्यांनी टोपण लावलं. पेट्रोल नवं घातलं. मग दोरी ओढली. एकदा, दोनदा, पाचदा. दहाव्यांदा ॲप्रनची गाठ सुटली. चौदाव्यांदा मी लागलो.

आणि मग जो धूर निघाला!

पांढरा, निळसर, दाट, जसा काही ढगच पोटात घेऊन बसलो होतो इतके दिवस. आधी गॅरेज दिसेनासं झालं. मग पत्रपेटी. मग शेजारच्या लव्हॉनबाईंचे वाळत घातलेले कपडे एकेक करून गडप झाले. सशांनी बिऱ्हाड हलवलं. आणि त्या ढगाच्या पोटातून आर्डिसबाईंचा आनंदाचा आवाज येत होता, "लागला! लागला! लागला!"

धूर हा कामाचाच भाग असावा, असं त्यांना वाटत होतं.

लव्हॉनबाईंना तसं वाटलं नाही. पाचव्या मिनिटाला गावच्या मनोऱ्यावरचा भोंगा वाजला आणि आगीचा बंब आमच्या दारात. गावातलेच पाच जण बंबावर काम करायचे. त्यांचे म्होरके मार्व्ह हाऊगेन एरवी मटणाच्या दुकानात उभे असत. ते दुकानातला ॲप्रन तसाच ठेवून, डोक्यावर शिरस्त्राण घालून आले होते.

"आर्डिस! घरात कुणी आहे का?"

"नाही! तुम्ही का आलात?"

"का आलात म्हणजे? घर पेटलंय ना तुमचं!"

"काहीतरीच काय? गवत कापतेय मी."

धूर जरा विरला. दोन ॲप्रन समोरासमोर उभे होते आणि मध्ये मी खोकत होतो. गवताचं एक पातंही कापलेलं नव्हतं. मार्व्हनी मला बंद केलं.

लव्हॉनबाई छातीवर हात ठेवून धावत आल्या. "अगं आर्डिस, मला वाटलं संपलं सगळं! आधी तुला बाहेर काढावं की मांजराला, या विचारात होते मी."

"आणि काय ठरलं?"

"मांजर जवळ होतं गं."

एवढ्यात समोरच्या घरातून लेलंड क्रेब्स आले. उन्हाळ्यातसुद्धा लोकरी जाकीट घालणारे, एकटेच राहणारे सद्गृहस्थ. चर्चमध्ये एकेचाळीस वर्षं ऑर्गन वाजवलेला. आल्या आल्या दोन्ही हात वर करून म्हणाले, "कुणी हात लावू नका. मला आवाजावरून कळतं."

"काय कळतं?" मार्व्हनी विचारलं.

"याचा खालचा स्वर बसलाय. पात्यात काहीतरी अडकलंय." असं म्हणून त्यांनी मला उचलून धाडकन एका कुशीवर पाडलं. कुठल्या कुशीवर? जिकडे माझा हवेचा फिल्टर आहे, नेमक्या त्याच. पोटातलं जास्तीचं सगळं ऑइल त्या बाजूला धावलं. फिल्टरचा स्पंज ऑइल पिऊन टच्च फुगला. माणसाच्या नाकात तेल ओतल्यावर त्याला जसं वाटेल, तसं मला झालं. "पात्यात काही नाही," असा शोध लावून लेलंडसाहेबांनी मला सरळ केलं, चोक खेचला आणि दोरी ओढली.

आता पांढऱ्याच्या जोडीला काळा धूरही आला. हवा जाईना, नुसतं पेट्रोलच पोटात, मग काळा येणार नाही तर काय?

"लेलंड, आता दोन रंगांचा येतोय," मार्व्ह म्हणाले.

"म्हणजे फरक पडतोय," लेलंडसाहेब खोकत म्हणाले. आणि मी फटकन बंद पडलो.

मग सगळ्यांनी मला घेरलं. मी पाहिलंय, बंद पडलेलं यंत्र दिसलं की माणसांच्या अंगात येतं. एक म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी आहे. दुसरा म्हणाला याचं इंजिनच गेलं. तिसरा म्हणाला त्याच्या मेव्हण्याकडे असंच एक होतं, ते त्यांनी तळ्यात टाकलं. बाईंनी सगळ्यांना रूबार्बच्या आंबटगोड देठांच्या वड्या आणि कॉफी दिली, त्यामुळे कुणीच हलेना. आग लागली असती तरी एवढा वेळ थांबले नसते.

"कॉरीनला सांगू का मी?" लव्हॉनबाईंनी हळूच विचारलं.

"लव्हॉन, तू वडी खा."

सगळे गेल्यावर बाई गॅरेजमध्ये बादली पालथी घालून माझ्यासमोर बसल्या. हसू मावळलं होतं. घराच्या भिंतींकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं. "दोन दिवस आहेत रे," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, आता चादर येणार अंगावर.

पण त्या उठल्या, माझ्या सायलेन्सरवरून एक बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. पुन्हा हुंगलं. डोळे बारीक झाले. शाळेच्या स्वयंपाकघरात भट्टीचं दार उघडण्याआधी त्या अशाच बघत असणार.

"हे इंजिन गेलेलं नाही," त्या मला म्हणाल्या. "हे तेल जळतंय नुसतं. कढईबाहेर सांडलेलं तेल जळतं ना, तसं."

खिळ्याला लटकलेलं माझं माहितीपुस्तक त्यांनी खाली घेतलं. मालकांनी ते अगदी नव्यासारखं ठेवलं होतं. बाई बोटाने ओळी धरत वाचू लागल्या. पांढरा किंवा निळसर धूर : ऑइल जास्त झाले, किंवा यंत्र फिल्टरच्या बाजूवर कलंडवले. काळा धूर : हवा कमी, पेट्रोल जास्त, फिल्टर तपासा, चोक पहा.

"यंत्र फिल्टरच्या बाजूवर..." बाई थांबल्या. मग गॅरेजच्या दारात जाऊन अशा ओरडल्या, की तीनशे पोरं एकदम गप्प बसली असती. "लेलंssड!"

समोरच्या घरातला पडदा थोडा हलला आणि पुन्हा स्थिर झाला.

पुढचे दोन तास मी कधी विसरणार नाही. माझ्यावर इतके दिवस जी हत्यारं चालली, ती पानं आणि पेचकस. बाईंनी स्वयंपाकघरच आणलं. टर्की भाजताना तिच्यावर रस सोडायची ती रबरी फुग्याची नळी असते ना, ती माझ्या ऑइलमध्ये बुडवून त्यांनी जास्तीचं ऑइल ओढून काढलं. थोडं काढायचं, ऑइल मोजायची पट्टी पुसून बुडवून बघायची, परत थोडं काढायचं. पट्टीवरच्या खुणेशी ऑइल आलं तशी त्या "हं!" म्हणाल्या, पाक एकतारी झाल्यावर म्हणतात तसं. फिल्टरचा स्पंज भांड्यांच्या साबणाने धुतला आणि वाळत घातला. स्पार्क प्लग काढून दातांच्या जुन्या ब्रशने घासला. त्या पहिल्यांदाच हे करत होत्या, पण हात असे चालत होते, जसे काही मला लहानपणापासून ओळखत होते.

रविवारी चर्च आटोपून त्या आल्या, तेव्हा स्पंज वाळला होता. त्याच्यावर ऑइलचे चार थेंब चोळून त्यांनी तो जागच्या जागी बसवला आणि मला अंगणात घेतलं.

कुंपणाशी लव्हॉनबाई उभ्याच होत्या. "अगं, आज रविवार! देवाच्या वारी काम करू नये!"

"देव आज गवत वाढवायचं थांबलाय का?" म्हणत बाईंनी दोरी ओढली.

तिसऱ्या हिसक्याला मी लागलो. आणि पुन्हा धूर! पांढराच. लव्हॉनबाई फोनकडे धावल्या. "हात लावू नकोस फोनला!" बाई ओरडल्या. "सायलेन्सरमध्ये कालचं ऑइल साचलंय. ते जळून जाऊ दे." त्यांनी केकला लावतात ते गजराचं घड्याळ पाच मिनिटांवर लावलं आणि माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मी जीव तोडून जळत होतो. एक मिनिट, दोन मिनिटं. धूर काही हटेना. तिसऱ्या मिनिटाला बाईंच्या ओठांची हालचाल दिसली, प्रार्थना असेल किंवा मला शिवी असेल. चौथ्या मिनिटाला धूर विरळ झाला. मग त्यातून पत्रपेटी दिसू लागली. मग लव्हॉनबाईंचं तोंड दिसू लागलं, जे उघडंच होतं. गजर वाजला तेव्हा माझ्या तोंडातून नुसता गरम, स्वच्छ श्वास येत होता.

आर्डिसबाईंनी ॲप्रन काढून हवेत फिरवला आणि माझ्याभोवती फेर धरून नाचल्या. एकसष्ट वर्षांची बाई, रबरी बूट घालून, रविवारच्या दिवशी. मग दांडा धरला आणि म्हणाल्या, "चला."

सरळ ओळी? छे! अंगणातल्या मेपलच्या झाडापासून सुरुवात करून आम्ही गोल निघालो. एक वेढा, मग त्याबाहेर दुसरा, मग तिसरा. जिलबीच घातली म्हणा ना. उंच गवतात मी दोनदा गुदमरलो, दोन्ही वेळा त्यांनी मला बरोबर बाजूवर, फिल्टर वर ठेवून कलंडवलं आणि अडकलेलं गवत काढलं. मी आयुष्यात इतका भोवंडलो नव्हतो, आणि इतका खूशही झालो नव्हतो.

सोमवारी सकाळी उरलेलं करत असताना कॉरीनची गाडी आली. ती दार उघडं टाकूनच धावली.

"आई! काय चाललंय हे? तोंडाला काय लागलंय तुझ्या?"

"कार्बोरेटर," बाई म्हणाल्या आणि मला बंद केलं.

"पडली असतीस म्हणजे?"

"उठले असते."

"आणि नसतं उठता आलं तर?"

"तर लव्हॉनने बंब बोलावला असता. आता तर तिला नंबर पाठ आहे."

कॉरीनला हसू आलं नाही. ती अंगणात मधोमध उभी राहून रडायलाच लागली. "तुला गंमत वाटते. बाबांच्या वेळी फोन आला तो सकाळी, मी कॉफी करत होते. तेव्हापासून सकाळी फोन वाजला की उचलायलाच नको वाटतं गं."

बाईंनी ऑइलने माखलेला हात तसाच लेकीच्या पांढऱ्या बाहीवर ठेवला. "मी रोज सकाळी तुला फोन करीन. मीच करीन. म्हणजे वाजला की समजायचं, आई आहे." मग म्हणाल्या, "तुझे बाबा भले माणूस होते. पण बारा वर्षं त्यांनी मला या दांड्याला हात लावू दिला नाही. आता तू तरी लावू दे."

कॉरीनने डोळे पुसले. बाहीवरचा काळा पंजा पाहिला. मग त्या जिलबीसारख्या गवताकडे बघून तिला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. "बाबांनी बघितलं असतं तर!"

"ओळ वाकडी!" दोघी एकदम म्हणाल्या आणि एकमेकींना धरून इतक्या हसल्या, की मला वाटलं पडतात आता.

त्या दिवशीची शेवटची चार वळणं कॉरीनने कापली. आईपेक्षाही वाकडी. नगरपालिकेचा माणूस आला, त्याने टोपी मागे सरकवून बराच वेळ अंगण न्याहाळलं आणि म्हणाला, "नियमात उंचीचं लिहिलंय. आकाराचं काही लिहिलेलं नाही." आणि नोटीस काढून घेऊन गेला. जेवणाच्या हॉलचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर आमचं गॅरेज म्हणजे दवाखानाच झाला. आधी मार्व्ह आपला मोवर घेऊन आले, काळा धूर म्हणत. बाईंनी फिल्टर काढून आपटला, तर त्यातून उंदराचं अख्खं घरटं पडलं. मग हार्डवेअरचा दुकानदार आला, मग खुद्द पाद्रीसाहेब. बाईंची तपासायची रीत ठरलेली. "सुरू करा. आता गप्प बसा." धुराचा रंग बघायच्या, हवेत हात हलवून वास घ्यायच्या. "ऑइल किती घातलंत? पट्टी बघितलीत का? नाही ना? मग देवाला कशाला बोल लावता?"

सगळ्यात जास्त वेळा आले ते लेलंडसाहेब. दर दोन आठवड्यांनी त्यांचा मोवर पांढरा धूर सोडायचा. बाई दुरुस्त करायच्या, कॉफी व्हायची, गप्पा व्हायच्या. चौथ्यांदा आले तेव्हा त्यांचा मोवर माझ्या शेजारीच उभा होता. बिचाऱ्याच्या नाकातोंडातून ऑइल गळत होतं.

बाईंनी पाहिलं, हात पुसले. "लेलंड, हा मोवर कुणीतरी मुद्दाम चुकीच्या कुशीवर पाडतंय."

"असं?" लेलंडसाहेबांनी जाकिटाची बटणं चाचपली.

"दर दुसऱ्या गुरुवारी पाडतंय."

लेलंडसाहेबांचे कान लाल झाले. "आर्डिस, मला खरं सांगायचंय. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. त्या दिवशीही कळत नव्हतं."

"ते बंबवाल्यांनाही कळलं होतं हो. आता एक करा. कॉफीला यायचं तर सरळ या. त्या मुक्या यंत्राचे हाल नका करू."

तेव्हापासून ते रोज येतात. मोवर न घेता.

वर्षं गेली. या उन्हाळ्यात माझ्या तोंडून पुन्हा निळा धूर येऊ लागला. बाईंनी पट्टी पाहिली, ऑइल खुणेवर. फिल्टर स्वच्छ. मला कुणी पाडलंही नव्हतं. तरी धूर हटेना, आणि दोरीही पूर्वीसारखी हाताला लागेना, सैल वाटू लागली. त्यांनी स्टूल ओढलं आणि मला खरं काय ते सांगितलं. तेवढा मान त्यांनी मला दिला. "पिस्टनच्या रिंगा झिजल्या तुझ्या. आता खालचं ऑइल वर चढतं आणि जळतं. म्हातारपण आहे, बाबा. माझे गुडघे, तुझ्या रिंगा."

दारात लेलंडसाहेबांनी नवा मोवर आणून ठेवला होता. मी समजून गेलो. भंगारवाल्याची गाडी बुधवारी यायची. मंगळवारी बाईंनी मला पुसून गाडीत घातलं, तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला, सशांचासुद्धा.

गाडी थांबली ती चर्चच्या तळघराशी! तिथे टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून सात बायका बसल्या होत्या. सगळ्या एकट्या राहणाऱ्या, सगळ्यांकडे एकेक खोकणारा मोवर. बाईंनी त्यांच्यासाठी वर्ग काढला होता, आणि धडा म्हणून मला आणलं होतं. माझं इंजिन त्यांनी तिथे पूर्ण उघडलं. माझा पिस्टन ॲपल पाय भाजायच्या ताटलीत ठेवून हातोहात फिरला. "अगं बाई, एवढासाच असतो?" एकजण म्हणाली. झिजलेल्या रिंगा प्रत्येकीने बोटात घालून पाहिल्या. लाजेने मी काळाठिक्कर पडलो असतो, पण आधीच होतो.

तीन मंगळवार हे चाललं. नव्या रिंगा पोस्टाने आल्या. आज त्यांनी मला परत जोडलंय आणि पातं तेवढं काढून ठेवून चर्चमागच्या हिरवळीवर आणलंय. टेबलावर एक स्क्रू उरलाय, त्यावरून वाद चाललाय. "कारखानेवाले एक जास्तीचा देत असतील," असा निकाल लागला. तो माझ्या वरच्या झाकणाचा आहे. थोडा खुळखुळेन, बाकी काही होणार नाही.

दोरी कुणी ओढायची? बाईंनी थोरा एंगेब्रेटसन यांना पुढे केलंय. वय एक्याऐंशी. आयुष्यात यांनी कधी गाडी चालवली नाही की मोवर ढकलला नाही. तीन मंगळवार त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, फक्त सगळ्या नटबोल्टांना पुसून ओळीत लावत होत्या.

लेलंडसाहेब बाजूला कॉफीचा थर्मास घेऊन उभे आहेत. बायका मागे सरकल्या आहेत. तेवढ्यात तुम्हाला सांगायचं ते सांगून टाकतो. ऑइल पट्टीवरच्या खुणेपर्यंतच घाला. कलंडवाल तेव्हा फिल्टरची बाजू वर ठेवा. आणि धूर दिसला की लगेच इंजिन गेलं म्हणून मोकळे होऊ नका. आधी त्याचा रंग बघा.

थोराबाईंनी डोळे मिटले आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा अशी ओढली, की त्या स्वतःच गर्रकन फिरल्या, आणि मी लागलो! एक पांढरा लोट निघाला. लोट विरळ झाला, आणखी विरळ झाला, आणि बाईंनी मुठी आवळून आकाशाकडे पाहिलं. धूर नाही. गरम, स्वच्छ हवा. मी पुन्हा तरुण!

"शाब्बास थोरा! आता बंद करा त्याला," बाई म्हणाल्या.

थोराबाईंनी मला बंद केलं नाही. त्यांनी दांडा घट्ट धरला आणि चालू लागल्या. आधी हळू. मग जरा भरभर. पुढे हिरवळीला उतार आहे.

"थोरा, थांबा! पातं लावलेलं नाही त्याला!"

"माहितीय मला!" थोराबाई ओरडल्या. मला वाटतं, एवढ्या जोरात त्या जन्मात पहिल्यांदाच ओरडल्या असतील.

मागून सात बायका आणि थर्मास घेतलेले लेलंडसाहेब धावताहेत. माझं झाकण टाळ वाजवतंय. बरंय, येतो मी. बोलायला आता सवड नाही, आमचा उतार लागलाय.